साहेबांचा वाफा

भातशेतीवर ज्यांनी देशाला शहाणपण शिकवलं त्यांतल्या एका माणसाच्या हाताखाली मी उमेदवारी केली, आणि तेव्हापासून 'धोरण' हा शब्द कानावर पडला की मला चूळ भरावीशी वाटते. लोक म्हणतात, बाई, पण तुम्ही तर जन्मभर तेच शिकवलंत. शिकवलं. त्या पहिल्या नोकरीतून बाहेर पडल्यावर दुसऱ्या एका कॉलेजात गेले आणि जमीन, अन्न, जंगल यांवर सरकारं काय काय ठरवतात ते निवृत्त होईपर्यंत पोरांना सांगत राहिले. घाण कुठे साचते ते ज्याने पाहिलंय त्यानेच हा विषय शिकवावा असं मला वाटत आलं आहे.

आमचं घर वसईचं, बागायतदाराचं. होळी नावाच्या वस्तीच्या बाजूला वडिलांची पानवेल आणि केळी, मधोमध विहीर आणि विहिरीवर रहाट. पाचूबंदरहून मासळीचं खत गाडीने यायचं आणि ते टाकलं की आठवडाभर घरात, कपड्यांत, केसांत तोच वास. शाळेत मुली नाकाला पदर लावायच्या. मला त्या वासाची कधी किळस आली नाही, त्यातून पान पिकतं हे दिसत होतं. किळस येणं म्हणजे काय ते मला मुंबईला, पंखा लावलेल्या स्वच्छ खोलीत कळलं.

मी अर्थशास्त्रात एम.ए. झाले तेव्हा लढाई संपली होती आणि रेशन तेवढं मागे उरलं होतं. एका नव्याने उघडलेल्या विभागात मला साहाय्यक म्हणून घेतलं. जमीन, अन्न आणि जंगल यांचा एकत्र विचार करायचा, अशी त्या विभागाची कल्पना. कल्पना चांगली होती, अजूनही चांगली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. कामं वाटली तेव्हा जमीन एका गृहस्थाला गेली, जंगल दुसऱ्याला आणि अन्न मला. "बाईंना स्वयंपाकातलं कळतं," असं विभागप्रमुख म्हणाले आणि सगळे हसले. मला तेव्हा धड भातसुद्धा लावता येत नव्हता. अभ्यास कर म्हणून आईने मला चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं.

विभागप्रमुखांना सगळे साहेब म्हणत, मीही तेच म्हणेन. परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेले, नीटनेटके, कोटाच्या खिशात घडीचा पांढरा रुमाल. कधी आवाज चढवायचे नाहीत, कोणाला टाकून बोलायचे नाहीत. इतका सभ्य माणूस मी पुन्हा पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

विभागात अन्नटंचाईवर बैठका व्हायच्या. माणशी किती धान्य पुरावं यावर चर्चा चाले आणि शिपाई बटाटेवड्यांच्या बशा फिरवत असे. एकदा एक सभासद वड्याचं तेल बोटांवरून चाटत म्हणाला, की खेड्यातल्या माणसाची खाण्याची सवय बदलायला हवी, तो भात फार खातो. त्या दिवशी सकाळीच, मी जिथे राहत होते त्या बाईंनी रेशनचे तांदूळ सुपात घेतले होते आणि त्यांत अळ्या वळवळताना मी पाहिल्या होत्या. त्या सभासदाकडे बघताना मला वाटलं, अळ्या बऱ्या. त्या निदान भाषण करत नाहीत.

साहेबांचा एक आवडता शत्रू होता, तो म्हणजे राब. भाताच्या मुलखाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. डोंगराकडेच्या गावांत भाताची रोपं ज्या तुकड्यात वाढवायची, तिथे उन्हाळ्यात शेण पसरतात, त्यावर झाडांच्या पाल्यासकट फांद्या, म्हणजे टाहाळ, त्यावर गवत आणि वाळलेला पातेरा, आणि वरून माती. मग ते सगळं सावकाश भाजतात. हा राब. जमीन भाजून निघते, तणाचं बी जळून जातं, आणि पाऊस लागल्यावर त्या राखेत भात पेरलं की रोप तरतरीत येतं. पुढे ते रोप उपटून शेतात लावायचं. टाहाळ अर्थातच जंगलातून येतो. गावांना ठरावीक झाडांच्या फांद्या तोडायची सवलत होती आणि जंगलखात्याच्या डोळ्यांत ती सलत होती. झाडं बोडकी होतात हे खरं आहे. मी पाहिली आहेत, आणि ते दृश्य चांगलं नव्हे. राबाला कोणी दुसरा उपाय काढला असता तर मीच पेढे वाटले असते.

पण साहेबांना उपाय काढायचा नव्हता. राब ही अडाणी माणसांची खोड आहे, तिच्यामागे काही नाही, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. टाहाळाची सवलत ठेवायची की काढायची हे एक समिती ठरवणार होती आणि साहेब तिचे सल्लागार होते. राब त्यांनी तोवर फोटोतच पाहिलेला. समितीपुढे जायचं तर हाताशी एखादा प्रयोग असावा, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"बाई, त्या डोंगराच्या बाजूला तुमचं कोणी शेती करणारं आहे का?"

होती. माझी आत्या. विरारच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराखाली तिचं सासर. आतोबा लवकर गेले, तेव्हापासून शेत तीच बघे. शेत म्हणजे भात, दुसरं काही नाही. माझ्या वडिलांकडे पान गेलं तर केळं होतं, केळं गेलं तर भाजी होती. आत्याकडे भात गेलं की वर्ष गेलं. म्हणून वडिलांनी मला बजावलं, "प्रयोग कर, पण तिच्या पोटाशी खेळ नको." मी साहेबांना तशी अट घातली. प्रयोगाला एकच लहान वाफा मिळेल, बाकी आत्या नेहमीप्रमाणे राब भाजेल. साहेब म्हणाले, "अर्थातच, बाई, अर्थातच."

उन्हाळ्यात वाफा आखला. आत्याने घराजवळची, सगळ्यात चांगली जागा काढून दिली. त्यात राब नाही, नुसती नांगरट आणि मुंबईहून पाठवलेलं पिशवीतलं पांढरं खत. त्याच्या शेजारी आत्याचा नेहमीचा राब. दोन्हींत एकाच दिवशी एकच बी पेरायचं आणि कुठे काय उगवतं ते बघायचं. गावाने त्याला 'सायबाचा वाफा' असं नाव पाडलं. आत्याने त्याला काट्यांचं कुंपण घातलं, स्वतःच्या वाफ्याला घातलं नाही. कोंबडी तिकडे वळली तरी ती धावायची. "हाड्, सायबाचा हाय तो," असं ती कोंबडीला सांगायची.

पाऊस चांगला लागल्यावर मी जाऊन पाहिलं. आत्याच्या राबात रोपं दाट आणि गर्द. साहेबांच्या वाफ्यात तणच तण, आणि मधूनच एखादी पिवळी काडी. खत तणाने खाल्लं होतं. मला बरं वाटलं. का वाटू नये? प्रयोगाने उत्तर दिलं होतं आणि ते सरळ होतं. मी आत्याला सांगितलं, की आठवडाभरात साहेब येतील, समितीचे सभासदही असतील, त्यांना हेच दाखवायचं आहे.

"ह्ये दाखवनार?" आत्याने वाफ्याकडे बघत विचारलं.

"हेच," मी म्हणाले आणि मुंबईची गाडी पकडली.

ठरल्या दिवशी आम्ही विरारला उतरून बैलगाडीने निघालो. साहेब, समितीचे दोन सभासद, एक कॅमेरावाला आणि मी. वाटेत चिखल उडाला की साहेब रुमालाने पाटलोण टिपत होते. गाव आलं, तशी सगळी माणसं धुतलेले कपडे घालून कुंपणाशी उभी होती, लग्नघरची माणसं उभी असतात तशी. मी वाफ्याकडे पाहिलं. साहेबांचा वाफा हिरवागार होता. शेजारच्या राबाहूनही सरस, एकेक रोप निवडून घ्यावं असं. तणाची काडी नाही.

साहेब खूश झाले. त्यांनी वाकून एक रोप उपटलं, मुळं सभासदांना दाखवली, रोप टाकून दिलं आणि रुमालाला बोटं पुसली. मग बुटांसकट वाफ्यात उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. बुटांखाली रोपं चिरडली, तेव्हा एका म्हातारीने तोंडावर हात धरला.

जेवायला कोंबडी होती, तांदळाच्या भाकऱ्या, पांढराशुभ्र जुना भात आणि माझ्या वडिलांकडची सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी. त्या महिन्यात त्या गावात घरोघर पेजेवर दिवस काढत होते. तो तांदूळ घराघरांतून ओंजळ ओंजळ गोळा झालेला होता, हे मला वाढपावरूनच कळलं, कारण आत्या वाढताना भांड्याच्या तळाकडे बघत नव्हती, आणि एकट्या तिच्या घरात एवढा तांदूळ असणं शक्य नव्हतं. सभासदांपैकी एकाने पुन्हा पुन्हा भात मागून घेतला आणि तोंडात घास असतानाच म्हणाला, "आपण इतकी ओरड ऐकतो, पण ही माणसं खाऊनपिऊन सुखी आहेत की." त्याच्या मिशीला रस्सा लागला होता. मला भरल्या ताटावरून उठावंसं वाटलं. आत्या समोर उभी होती म्हणून बसून राहिले.

पाहुणे हात धुवायला गेले तेव्हा मी तिला मागच्या पडवीत गाठलं.

"आत्या, वाफा कोणी भरला?"

ती हसली. पोराला लपवलेला खाऊ सापडल्यावर आई हसते तशी. "गावानं. ज्याच्या राबात बरी रोपं व्हती त्यानं मुळाच्या मातीसकट आनून लावली. तन सगळं उपटून टाकलं. बघून बघून लावली हां, बाय. वायट एक नाय लावलं."

"पण का?"

"का म्हंजे? पावना मानूस येवढ्या लांबनं येनार, आन त्याच्या नावाचा वाफा पिवळा? त्याला काय वाटंल? वर तू त्याच्या हाताखाली. तुला बोलला असता ना."

मी कपाळ धरून खाली बसले. ही त्या गावाची रीत मला माहीत नव्हती असं नाही. पाहुण्याने आणलेला खाऊ आंबलेला निघाला तरी तिथे तो त्याच्यासमोर खातात आणि गोड आहे म्हणतात. साहेबांचा प्रयोग हा साहेबांनी आणलेला खाऊ होता, आणि गावाने तो खाऊन गोड म्हटला होता. हे आधी माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मी शिकले होते ते सगळं इंग्रजी पुस्तकांतून आणि त्या पुस्तकांत प्रयोग करणाऱ्याला पाहुणा कोणी म्हणत नाही.

"आत्या, आता ते तुमचा टाहाळ बंद करतील," मी म्हणाले.

"छे. भला मानूस हाय. जेवला आपल्याकडं."

गाडी जुंपत होते तेव्हा मी साहेबांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडेल, निदान चिडतील तरी.

"मला कल्पना आहे, बाई," ते म्हणाले. "मुळांना राख होती."

त्यांनी रुमालाची घडी नीट करून खिशात ठेवली.

"गावकऱ्यांनी कौतुकाने थोडी रोपं लावली असतील. पण आमच्या वाफ्याने ती जगवली ना? शेवटी जमिनीने साथ दिलीच. असल्या बारीकसारीक गोष्टींत अडकलं तर धोरण कधीच ठरणार नाही."

अंधारात अनवाणी पाय काहीतरी मऊ आणि ओल्या गोष्टीवर पडावा तसं मला झालं. अडाणी माणसाला फसवता येतं, हे कळण्याजोगं आहे. पण ज्याला फसवलंय त्याला ते कळलेलं आहे, आणि तो ते खिशात घालून घरी न्यायला निघालाय, हे मी पहिल्यांदा पाहत होते. परत येताना गाडीत ते मला तुंगारेश्वरच्या पाखरांबद्दल विचारत होते.

समितीची बैठक भरली तेव्हा मी उभी राहिले आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मिशीवाले सभासद छताकडे बघत होते. साहेब म्हणाले, की बाईंची सख्खी आत्या त्या गावात आहे, तेव्हा जिव्हाळा असणं स्वाभाविक आहे, आणि त्यांच्या शब्दाचा मान राखून शहानिशा जरूर व्हावी. किती उदार माणूस, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चौकशीला एक अधिकारी नेमला आणि मी त्याच्याबरोबर जायचं नाही असं ठरलं.

त्या अधिकाऱ्याने गावात जाऊन काय विचारलं ते मला नंतर आत्याकडूनच कळलं. त्याने विचारलं, "रोपं लावायला तुमच्या भाचीने सांगितलं होतं का?" प्रश्न कोणी शिकवून पाठवला असेल ते सांगायला नको. आत्याला त्यातून एवढंच समजलं, की भाचीवर काहीतरी बालंट आलंय. तिने सरळ कानांवर हात ठेवले. कोणी रोप लावलं नाही, कोणी सांगितलं नाही, जे आलं ते साहेबांच्या खताने आलं. मग साऱ्या गावाने तिची री ओढली. एका आजोबांनी तर उत्साहाच्या भरात सांगितलं, की आपल्या जन्मात त्यांनी असं रोप पाहिलं नव्हतं.

आत्या त्यानंतर वसईला आली. रहाटाशी बसून तिने मला अभिमानाने सांगितलं, "तुजं नाव नाय येऊ दिलं, बाय. तो किती उलटसुलट विचारत व्हता. आमी ताकास तूर लागू नाय दिली."

वडील आत निघून गेले. मी तिच्यावर ओरडणार होते, पण ती इतकी समाधानाने बसली होती, की मी उठून तिच्यासाठी विहिरीतून पाणी काढलं. माझा संताप तिच्यावर नव्हताच. तो ज्याच्यावर होता तो माणूस त्या वेळी मुंबईत रुमालाची घडी घालत असेल, आणि त्याच्याविरुद्ध माझ्याकडे असलेला एकमेव साक्षीदार मला वाचवण्यासाठी खोटं बोलून आला होता.

टाहाळाची सवलत गेली. साहेबांचा लेख छापून आला, वाफ्यातल्या फोटोसकट. माझ्याबद्दल 'उत्साही परंतु भावनाप्रधान' असा शेरा पडला. मला काढलं मात्र नाही. साहेब म्हणाले, "तुम्ही तिथल्या आहात, बाई. तुम्हाला दूर कसं करू?" माझी नोकरी कायम व्हायची होती, ती त्यांनी तशीच लोंबकळत ठेवली. मी का राहिले? समिती वर्षाने पुन्हा बसणार होती आणि आत राहिलं तर बोलता येईल, असं मला वाटत होतं. शिवाय पोट मलाही होतं. सहकारी मूग गिळून होते. त्यांतला एक जण एकटा सापडला की म्हणे, "तुमचं बरोबर होतं हो," आणि इकडेतिकडे बघून निघून जाई. साहेबांपेक्षा मला कधी कधी त्याचाच जास्त तिटकारा यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात जंगलखात्याच्या गार्डने गावातल्या बायकांचे कोयते काढून घेतले. राबाऐवजी खत येणार होतं. ते आलं, पण पेरणी उलटून गेल्यावर, आणि ओलं होऊन पिशवीतच दगड झालेलं. तोवर लोकांनी न भाजलेल्या जमिनीत बी टाकलं होतं आणि त्याचं जे व्हायचं ते झालं होतं. मी आदल्या वर्षी पाहिलेला तणाचा वाफा आता घरोघर होता. आत्याचं थोडं बरं होतं, ते वडिलांमुळे. त्यांनी बागेतल्या नारळाच्या झावळ्या आणि केळीची सुकी पानं गाडीभर पाठवली होती. तेवढ्यावर तिने लहानसा राब भाजला. अर्ध्या शेताला पुरतील एवढी रोपं आली. अर्धं तर अर्धं, वर्षाची पेज तरी निघेल, असं वडील म्हणाले.

त्याच पावसाळ्यात साहेबांकडे परदेशी पाहुणे आले. त्यांना राबाशिवायचं भात बघायचं होतं. मला त्यांच्याबरोबर निघायचा हुकूम झाला. या वेळी जीपगाडी होती. मी मनाशी म्हणत होते, बरं झालं, परक्या माणसांना तरी उघड्या डोळ्यांनी दिसेल. गावात काय अवस्था आहे ते मला वडिलांनी सांगितलंच होतं.

जीप थांबली. काट्यांचं कुंपण नवं होतं. आत साहेबांचा वाफा, हिरवागार.

मी वाफ्यापाशी थांबले नाही. सरळ पलीकडे आत्याच्या शेताकडे गेले. शेत चिखलणी करून तयार होतं, बांध नीट लिंपलेले, पाणी अडवलेलं. त्या पाण्यात एक रोप नव्हतं.

आत्या मागून आली. "लावणी?" मी विचारलं.

"करू मागनं."

"मागून कशाने? रोपं कुठायत?"

ती वाफ्याकडे बघेना. "तलाठी सांगून गेला, सायबाचे पावने येतात, वाफा हिरवा पायजे. आता गावात रोपं कोनाकडं हायत? माज्याकडंच व्हती." मग हळूच म्हणाली, "तुजी नोकरी कायम व्हायची हाय म्हनला."

मी परत आले. तिथे साहेब पाहुण्यांना इंग्रजीत समजावत होते, की हा वाफा पावसाळा संपेपर्यंत असाच ठेवायचा आहे, ठिकठिकाणचे लोक बघायला येणार आहेत, तलाठ्याला सक्त सूचना आहेत, कोणी हात लावणार नाही. त्यांच्या आवाजात आनंद होता. दोन आठवड्यांत ती रोपं जून होऊन लावायच्या कामाची राहणार नाहीत, हे त्यांना माहीत नसेल असं म्हणायची माझी तयारी नाही. इतकं तर त्यांनी पुस्तकातही वाचलं असेल.

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि वाफ्यात उतरले. मुठीत मावतील तेवढी रोपं धरून उपटली, चिखल झटकला, पुन्हा धरून उपटली.

"बाई, हे काय चाललंय?" साहेब मराठीत म्हणाले. आवाज तेव्हाही चढला नाही.

"आत्याची लावणी राहिलीये," मी म्हणाले. "रोपं तिची आहेत."

मला वाटलं होतं, आता तरी पाहुणे विचारतील. पण त्यांना मराठी येत नव्हतं, आणि मी इंग्रजीत तोंड उघडायच्या आत आत्या धावत आली. ती काट्यांतूनच आत शिरली. लुगडं फाटलं तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"सोड, बाय, सोड. पावन्यासमोर असं करतात? नोकरी जाईल तुजी."

तिने माझ्या हातातली मूठ ओढून घेतली आणि भराभर तीच रोपं होती तिथे परत खोचायला लागली. मी पुढे सरकून उपटत होते आणि ती माझ्या मागून लावत येत होती. मी रडत होते, ती रडत नव्हती, तिला घाई होती. तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सराईत होता. मी एक ओळ उपटेपर्यंत तिची आधीची ओळ उभी राहिलेली असे. शेवटी माझीच कंबर धरली आणि मी चिखलात बसले.

वर पाहुण्यांचे कॅमेरे चालू होते. साहेब त्यांना सांगत होते, की ही इथली लावणीची रीत आहे, बायका जोडीने करतात.

आत्याने शेवटचं रोप नीट दाबलं, ओंजळीने पाणी घेऊन हातांचा चिखल धुतला, डोक्यावरून पदर घेतला आणि कुंपणाशी जाऊन त्यांना विचारलं, "सायब, जेवून जानार ना?"